वचन पाठ आहे, पण कुठपर्यंत?

आमच्या सल्ला केंद्रात मारहाणीची तक्रार घेऊन येणारी बाई बहुधा पिशवीत कागद कोंबून आणते. रेशनकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, लग्नातला एखादा फोटो. छावणीच्या बाजूनं एक बाई आली, तिनं पिशवीतून बायबल काढलं. काळं रेक्झिनचं कव्हर, आत घडी घालून ठेवलेला लग्नाचा दाखला. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दाखला दाखवायला तिनं पुस्तक उघडलं खरं, पण बोलायला लागली ती वचनावरून. बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं असं शास्त्रात आहे, मग मी तक्रार केली तर देवाच्या विरुद्ध जाईन का, हा तिचा पहिला प्रश्न.

माझ्याबरोबर बसलेली कार्यकर्ती वीस वर्षं या कामात मुरलेली. ती म्हणाली, "ते पुस्तक आधी बाजूला ठेवा, मग तुमचं ऐकू." बाईनं पुस्तक पिशवीत ठेवलं, चहा घेतला आणि गेली. परत आली ती चार महिन्यांनी, मनगटाला प्लास्टर घालून.

दोष मी त्या मैत्रिणीला देत नाही. मीही गप्प बसले होते, आणि माझं गप्प बसणं जास्त वाईट. मी ख्रिस्ती घरातली. रविवारच्या शाळेत दर आठवड्याला वचन पाठ म्हणून दाखवायचं आणि खडूची पेटी बक्षीस मिळवायची, यात माझा हात कुणी धरत नसे. बाई ज्या वचनावर अडली होती त्याचा अध्याय मला ठाऊक होता. पण स्त्री-संघटनेच्या टेबलावर बायबल उघडायचं म्हणजे आपण मागासलेल्या ठरू, अशी भीती वाटली. आजच्या वातावरणात त्यात आणखी एका भीतीची भर पडते, ती सांगायला नको.

आपल्या भागातल्या ख्रिस्ती बायकांच्या हाती हे पुस्तक कसं आलं, हे मैत्रिणींनी एकदा समजून घ्यायला हवं. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, तिथे आले ते बहुतेक मांग-महार. अक्षराला शिवायची ज्यांना मुभा नव्हती त्यांच्या घरात छापलेलं पुस्तक आलं. गावोगाव फिरणाऱ्या 'बायबल-बाई'नं कितीतरी बायकांना अक्षरओळख करून दिली ती याच पुस्तकावरून. माझ्या आजीनं आयुष्यात दुसरं पुस्तक वाचलं नाही. ओळीखाली बोट धरून ती वाचायची, आणि वाचताना घरात कुणी तिला हाक मारायची नाही असा नियम होता. दिवसातली तेवढी वीस मिनिटं तिची स्वतःची होती. असं पुस्तक 'बाजूला ठेवा' म्हटलं की बाईला ते आपल्यालाच बाजूला ठेवल्यासारखं वाटतं.

आता त्या वचनाकडे येऊ. इफिसकरांस पत्र, अध्याय ५, वचन २२. लग्नात ते वाचतात, सासू-सासरे ऐकवतात, समेट करायला आलेले वडीलधारे तर त्यावाचून बोलतच नाहीत. पण त्याच्या आधीचं २१वं वचन सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं, त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. मूळ ग्रीकमधल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदसुद्धा नाही. ते २१व्यातून घ्यावं लागतं. छापील बायबलांच्या कितीतरी आवृत्त्यांत मात्र या दोन वचनांच्या मध्ये ठळक मथळा टाकलेला असतो, म्हणजे वाचणारा नेमका तिथूनच सुरुवात करतो. पुढे २५व्या वचनापासून नवऱ्यांना जे सांगितलंय ते बरंच लांबलचक आणि बरंच अवघड आहे. ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तसं प्रेम करा, बायकोला आपल्या शरीरासारखं जपा. हे पाठ असलेला नवरा माझ्याकडे अजून आलेला नाही! घटस्फोट देवाला आवडत नाही हे सांगायला मलाखी काढतात, पण त्याच वचनात हिंसाचाराचाही धिक्कार आहे, तिथपर्यंत कुणी वाचत नाही.

पंडिता रमाबाईंना हे नेमकं कळलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी मुलग्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्या खवळल्या. इकडच्या भटजींचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता त्या जागी दुसरं घ्यायची इच्छा नाही, अशा अर्थाचं त्यांनी सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट लिहिलं. नुसतं लिहून त्या थांबल्या नाहीत. वय झालेलं, कानांनी ऐकू कमी येत होतं, तरी केडगावला मुक्ती मिशनचा सगळा पसारा सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळावं म्हणून भाषा साधी ठेवली. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं मुक्तीतल्या बायका-मुलींनीच केली. यात दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या, विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या; संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली. एवढा आटापिटा कशासाठी? पाळकानं निवडून दिलेलं वचन घोकायला जुनी भाषांतरं पुरेशी होती. रमाबाईंना बाईनं स्वतः वाचायला हवं होतं.

कायद्यातही शास्त्राच्या नावानं असंच काही घुसवलेलं होतं. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. मत्तयच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा अपवाद आहे, पण बायकोला कारणांची जोडी लागेल असं तिथे कुठेही नाही. तो भेदभाव इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून आलेला. ख्रिस्ती स्त्रियांचे गट वर्षानुवर्षं त्यामागे लागले, १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं क्रूरता आणि त्याग ही स्वतंत्र कारणं मानली, आणि अखेर २००१ साली संसदेनं कायदा बदलला. तरी आजही वस्त्यांत मला विचारतात, "आपल्यात घटस्फोट नसतोच ना, ताई?"

वारशाचंही तेच. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं ख्रिस्ती मुलीला भावाइतकाच वाटा दिलाय, आणि बहिणी मात्र मुकाट्यानं हक्कसोड पत्रावर सह्या करतात. गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि देव त्यांचं म्हणणं बरोबर ठरवतो. (पुढे ३६व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट आली, तेही लपवू नये.) मी इतकी वर्षं चर्चमध्ये बसले, या पाच जणींवर एकही प्रवचन ऐकलं नाही.

मागचं-पुढचं वाचलं की सगळंच सुटतं असं माझं म्हणणं नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात बायकांनी शिकवू नये, गप्प राहावं असं आहे, तिथे कितीही उलटसुलट वाचलं तरी फारसं हाती लागत नाही. तिथे मी पौलाशी भांडते. भांडूनही माझा विश्वास शाबूत आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, आज बायबल उघडलंत, उद्या आणखी कुणाचा ग्रंथ उघडाल, मग स्त्री-मुक्तीची भूमिका राहिली कुठे? प्रश्न रास्त आहे. आपण होऊन कुठलाही ग्रंथ उघडायचा नाही, हे मलाही मान्य. आपण धर्मोपदेश करायला बसलेल्या नाही आणि केसचा निकाल कायद्यानंच लागायचा. पण बाईनं स्वतः उघडला, तर तो मिटायला सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? घरात तिच्याविरुद्ध वापरलं जाणारं हत्यार तेच असेल तर ते कसं धरलंय हे बघावंच लागेल.

प्लास्टर घालून ती आली तेव्हा मी तिला म्हटलं, पाचवा अध्याय काढा, पण २१पासून वाचा. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "हे मला पाठ नव्हतं." त्यानंतर तिनं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. मी फक्त मसुदा लिहून दिला.

पाळकसाहेबांनी अजून तिच्या घरी येणं टाळलंय. महिला मंडळात मात्र वचन वाचायची तिची पाळी चुकलेली नाही. तिथल्या दोघी जणी तारखेला तिच्याबरोबर कोर्टात येतात, बाकावर शेजारी बसतात. नवरा राहत्या घराचा हक्क सोडायला तयार नाही, पोटगीचा हुकूम अजून व्हायचा आहे.

(लेखिका सामाजिक कार्यकर्त्या आहेत.)