रुपयाची घसरण आणि मोटारीचा मुहूर्त

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती. अंबाबाईच्या देवळात नवरात्र बसले, त्याच दिवशी वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर अमलात आले. लहान पेट्रोल मोटारींवरील कर अधिभारासह २९ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर आला. १५ ऑगस्टच्या भाषणात या कपातीचा संकेत मिळाल्यापासून देशभरची गिऱ्हाइके पैसे हाती धरून थांबली होती. ती दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर पुढे सरसावली. पुढे डिसेंबरात एका डॉलरला नव्वदाहून अधिक रुपये मोजावे लागू लागले आणि ज्यांनी अद्याप मोटार घेतली नव्हती, त्यांच्या घरी नवा प्रश्न उभा राहिला. रुपया घसरतोच आहे, उद्या किमती चढतील. मग आजच घ्यावी काय?

हा प्रश्न सुखवस्तूंचा म्हणून झिडकारून टाकण्याजोगा नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी कर्ज काढून लहान मोटार घेणारा शिक्षक तो विचारतो. गारगोटी वा गगनबावड्याच्या रस्त्यावर वडाप करणारा चालकही तोच विचारतो, आणि त्याच्या दृष्टीने तर गाडी हे पोट भरण्याचे साधन आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट हिशेब मांडूनच दिले पाहिजे.

रुपयाचे मोल आणि मोटारीची किंमत यांचे नाते जुने आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. परंतु त्या काळी पैसे असूनही फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे; मोटार केव्हा घ्यावी हे ठरविणे गिऱ्हाइकाच्या हाती नव्हतेच. डिसेंबर १९८३ मध्ये सरकारी मारुती कारखान्याची पहिली मोटार बाहेर पडली. तिचे बहुतेक महत्त्वाचे भाग जपानहून येत. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच धनिक राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरविण्याचा करार केला आणि एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत होते, ते वर्षभरात दीडशेच्या घरात आले. रुपयाच्या हिशेबात येन महागला आणि हिंदुस्थानातील मध्यमवर्गाची स्वस्त मोटार त्या करारात अडकली. अखेर सुटे भाग देशातच करून घेण्याची निकड कारखान्याला अधिक तीव्रतेने जाणवली. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले, तेव्हा डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला.

परंतु आजची लहान मोटार ही १९८४ ची मोटार नव्हे. तिचा फार मोठा भाग याच देशात घडतो, आणि त्यातील काही भाग तर कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर घडतो. तेलावर चालणारी इंजिने आणि शेतीपंप यांवर वाढलेल्या उद्यमनगरच्या परंपरेतून शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या उभ्या राहिल्या. तेथे ओतलेले लोखंड देशातील मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या पोटात जाते.

आता साधा हिशेब करू. कर वगळून ५ लाख रुपये किमतीच्या मोटारीत आयात मालाचा वाटा दहा टक्के आहे असे धरले आणि रुपया पाच टक्क्यांनी घसरला, तर खर्च वाढेल तो सुमारे अडीच हजार रुपयांनी. याच मोटारीवरील कर ११ टक्क्यांनी उतरला तेव्हा गिऱ्हाइकाचे ५५ हजार रुपये वाचले. आता कर्जाकडे पाहावे. ५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर व्याज सुमारे १ लाख २३ हजार होते. हप्ता हलका वाटावा म्हणून मुदत सात वर्षांची केली की तेच व्याज १ लाख ७५ हजारांच्या पुढे जाते. म्हणजे करकपातीत वाचलेले पैसे जवळजवळ सगळेच सावकाराच्या खिशात जातात! ‘रुपया पडतोय, आजच नोंदणी करा’ असे सांगणारा विक्रेता मुदतीविषयी मात्र असे कळकळीने बोलत नाही. विजेवरील मोटारीचे गणित थोडे निराळे आहे. तिच्या बॅटरीचे घटक बव्हंशी चीनमधून येत असल्याने विनिमय दराची झळ तिला अधिक बसते. एरवी ज्याला गाडीची खरी गरज आहे, त्याने डॉलरचा भाव पाहून घाई करू नये आणि थांबूही नये. कर्ज किती, ते किती दिवसांत फेडता येईल, एवढे पाहावे.

हे झाले मोटार घेणाऱ्याचे. परंतु रुपयाच्या घसरणीचा खरा भार त्याच्यावर पडतच नाही. मोटार दहा-पंधरा वर्षांतून एकदा घ्यायची असते, आणि ती घेणाऱ्याला थांबण्याची सोय असते. ज्यांना थांबता येत नाही, त्यांचे काय? देशात लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग परदेशातून येतो. पोटॅश खत जवळजवळ सर्वच्या सर्व येते. खाद्यतेल निम्म्याहून अधिक येते. सरकारी अनुदानाने काही भार झेलला, तरी करवीर-कागलच्या ऊसकऱ्याला खताची गोणी हंगामात घ्यावीच लागते. डॉलर उतरेपर्यंत पीक वाट पाहत नाही. वडापवाल्याला डिझेल रोज भरावे लागते. गृहिणीला कढईत तेल रोज घालावे लागते. मोटारीच्या मुहूर्तावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. या रोजच्या खरेदीचा मुहूर्त कोणी काढीत नाही.

याच घसरणीत काहींचा लाभही होतो, हे विसरता कामा नये. ओतीव भाग निर्यात करणाऱ्या कारखानदाराच्या हाती प्रत्येक डॉलरमागे अधिक रुपये पडतात. भट्टीच्या धगीत उभा राहून वितळलेला रस साच्यात ओतणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या मजुरीचा मात्र डॉलरशी काहीच संबंध नाही. महागाईनुसार विशेष भत्ता वाढतो खरा, पण तो किंमती चढून गेल्यानंतर! रुपया पडला की त्याचे तेल-मीठ महागते आणि त्याने ओतलेल्या लोखंडाचा नफा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. ज्या मोटारीचे काळीज तो घडवितो, ती केव्हा घ्यावी हा प्रश्न त्याच्या घरी उद्भवतच नाही.

तेव्हा मोटारीच्या मुहूर्ताची चर्चा कानी येईल, तेथे कार्यकर्त्यांनी ती थोडी पुढे न्यावी. निर्यातीवर मिळणाऱ्या वाढीव रुपयांत कामगाराचा वाटा कोठे आहे, असे शिरोलीच्या फाटकाशी विचारावे. त्या सप्टेंबरात बसगाड्यांवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्या सवलतीतून एस. टी. आणि के. एम. टी. यांच्या ताफ्यात किती नव्या गाड्या आल्या, याचा जाब मागावा. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्यासाठी वेळेवर बस मिळाली, तर त्या शिक्षकाला सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यावे लागणार नाही. आणि भट्टीवरच्या कामगारालाही, ज्याला कोणी कर्ज देत नाही, आपली आई दवाखान्यात नेता येईल.