दमा असताना स्कूबा डायव्हिंग: वैद्यकीय दाखल्याचे महत्त्व

नवी दिल्ली – हिवाळा सुरू होताच राजधानीतील हवा बिघडते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रदूषण नियंत्रणाच्या कृती आराखड्याचा चौथा, सर्वांत कठोर टप्पा लागू करावा लागला होता. गाझीपूरच्या कचरा डेपोलगतच्या मयूर विहारसारख्या वसाहतींतील दमेकऱ्यांना या काळात विशेष त्रास होतो. अशा वेळी मोकळ्या हवेसाठी मालवण-तारकर्लीचा किनारा गाठणाऱ्यांना तेथे स्कूबा डायव्हिंगचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र, दमा असलेल्या व्यक्तीने पाण्यात उतरावे काय, हा प्रश्न किनाऱ्यावर नव्हे, तर घरून निघण्यापूर्वीच सुटला पाहिजे.

या धोक्यामागील कारण साधे आहे. पाण्याखाली १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना दाब घटतो आणि फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. श्वासनलिका आकुंचित झाल्यास ही हवा अडकून पडते, फुप्फुसाला इजा होते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. दाबातील सर्वाधिक प्रमाणात बदल अखेरच्या १० मीटरमध्येच होत असल्याने 'उथळ पाणी म्हणजे सुरक्षित' हा समज चुकीचा ठरतो. त्यातच सिलिंडरमधील कोरडी, थंड हवा व पोहण्याचे श्रम यांमुळेही दम्याचा झटका येऊ शकतो.

पूर्वी दमेकऱ्यांना सरसकट मनाई केली जात असे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र मध्यममार्ग दाखविला. त्यांनुसार, नियमित औषधे सुरू असली तरी लक्षणे नसावीत, स्पायरोमेट्रीचा अहवाल सामान्य असावा आणि व्यायामानंतरही श्वसनक्षमतेत लक्षणीय घट होऊ नये. थंडी, श्रम अथवा भावनिक ताणामुळे दमा उसळणाऱ्यांनी डायव्हिंग टाळावे. तात्काळ आरामाचा पंप घ्यावा लागल्यास पुढील ४८ तास पाण्यात उतरू नये.

या निकषांवर दिल्लीकरांची अडचण स्पष्ट होते. कोकणात पोहोचताच मोकळे वाटले, तरी श्वासनलिकांचा दाह एका प्रवासात ओसरत नाही. म्हणून प्रवासाच्या काही आठवडे आधी छातीविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून लेखी दाखला घेणे हिताचे ठरेल. दिल्लीत वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटसारखी श्वसनविकारांना वाहिलेली संस्था आहे.

तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाल्यानंतर जलपर्यटनाच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. तथापि, बोट व जीवरक्षक जॅकेट यांची तपासणी जितकी आवश्यक, तितकीच पर्यटकाच्या प्रकृतीचीही आहे. आरोग्यविषयक प्रश्नावलीत दम्यापुढे 'नाही' लिहिल्याने सहल वाचते, परंतु संकटसमयी सोबतच्या प्रशिक्षकाला कारणच उमगत नाही. खरे उत्तर देणाऱ्याला परत पाठविताना भरलेले पैसेही परत मिळतील, अशी व्यवस्था झाल्यास ही लपवाछपवी निश्चितच कमी होईल.