गुरख्याला नाव असतं!

आंब्याचा मोसम तोंडावर आला की आमच्या रत्नागिरीच्या बागायतदारांत एकच चौकशी सुरू होते, "तुमचे गुरखे आले का?" फवारणीचे पंप दुरुस्त होतात, मांगर झाडून साफ होतात, आणि दिवाळीनंतर एके दिवशी एसटी स्टँडवर पाठीला पोती बांधलेली माणसं उतरतात. मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत बाग त्यांच्या हवाली. पावसाची चाहूल लागली की ती निघून जातात. कुठे? "नेपाळला." यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नसतं. मी कृषी खात्यात विस्ताराचं काम करतो, रोज बागांतून फिरतो, तरी मलाही ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक झालं २०२३ च्या दसऱ्याला. लिहू लिहू म्हणता राहून गेलं. आता पुन्हा मोसमाची तयारी सुरू होईल, म्हणून लिहितो.

आमच्या भागातले एक बागायतदार आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या बागेत नऊ वर्षे एकच नेपाळी कुटुंब येत होतं. दरवर्षी निघताना तो माणूस म्हणायचा, "शेठ, एकदा आमच्या गावाला या," आणि अण्णा म्हणायचे, "येऊ, येऊ." त्या वर्षी अण्णांनी खरोखरच गाडी काढली. मला म्हणाले, "तू पण चल रे. तुझी त्याची दोस्ती आहेच." दोस्ती होतीच म्हणायची. बागेत गेलो की तो कोरा चहा टाकायचा. मांगराच्या पायरीवर बसून मी तुडतुडे आणि करप्याबद्दल बोलायचो. बोलायचो मात्र अण्णांशी. तो बाजूला उभा असायचा.

पुणे, धुळे, इंदूर, झाशी करत तिसऱ्या रात्री लखनौ गाठलं. गाडीची सीट मऊ, तरी पाठीचे टाके ढिले झाले. हाच प्रवास ही माणसं बायकापोरांसह, रेल्वेच्या जनरल डब्यातून, वर्षातून दोनदा करतात, हे तिथे पहिल्यांदा अंगाला कळलं. चौथ्या दिवशी सकाळी बहराइचच्या वाटेवर घाघरा नदी ओलांडली. पात्र एवढं रुंद की आमच्या काजळीसारख्या दहा नद्या त्यात मावाव्यात.

बहराइच जिल्ह्यातलं रुपईडिहा हे आपल्याकडचं शेवटचं गाव. पलीकडे नेपाळगंज. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. ओळखपत्र दाखवलं, गाडीचा 'भन्सार' म्हणजे जकात भरली, की आपण परदेशात. घड्याळ पाव तास पुढे करायचं. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशेसाठ. त्या वेळी शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट तिथे चालत नव्हती, म्हणून अण्णांनी शंभराच्या नोटांची पुडकी बरोबर घेतली होती. कॅलेंडरवर साल २०८०. अण्णा म्हणाले, "आयला, एका दिवसात सत्तावन्न वर्षांनी म्हातारे झालो!"

नेपाळगंजहून कोहलपूरला आलो आणि पूर्व-पश्चिम महामार्गाने पश्चिमेकडे वळलो. बर्दिया राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून रस्ता जातो. जनावरं आडवी येतात म्हणून गाडी हळू चालवायची. मी बाजूला बसून पाट्या वाचत होतो. 'पसल' म्हणजे दुकान. 'खानेपानी' म्हणजे पिण्याचं पाणी. 'सवारी बिस्तारै चलाउनुहोस्' म्हणजे वाहन सावकाश चालवा. सगळ्या पाट्या देवनागरीत. अर्थ निम्मा कळत होता, वाचता मात्र सगळं येत होतं. आणि चालत्या गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला त्यांचं वाचता येतं, तर त्यांना आमचंही वाचता येत असणार! फवारणीचं वेळापत्रक, औषधाचं माहितीपत्रक, हिशेबाची वही, सगळंच. नऊ वर्षांत एकदाही एक कागद मी त्याच्या हातात दिला नव्हता. "गुरख्याला काय कळतंय," हे आपलं ठरलेलं.

चिसापाणीला कर्णाली नदीवरचा पूल लागला. एकाच उंच मनोऱ्यावर लोखंडी दोरांनी तोललेला. हीच कर्णाली पुढे आपल्याकडे घाघरा होते. पूल ओलांडला की कैलाली जिल्हा. आमच्या माणसाचं गाव इथलंच.

गावच्या चौकात गाडी थांबवली तेव्हा दोघांचेही मोबाईल बंद. एका दुकानात अण्णांनी विचारलं, "बहादूर कुठे राहतो?" दुकानदार म्हणाला, "कुन बहादूर?" म्हणजे कोणता बहादूर? बरोबरच होतं. आपल्या एखाद्या गावात जाऊन "राव कुठे राहतात" विचारण्यासारखंच ते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे. नऊ वर्षे ज्याच्या भरवशावर बाग टाकली, त्याचं खरं नाव दोघांनाही सांगता येईना. अण्णांच्या फोनमध्येही 'बहादूर बाग' एवढंच लिहिलेलं. शेवटी देवगडला दोन मोसम काम केलेल्या एका पोराने गाडीची पाटी वाचली आणि ओरडला, "एमएच शून्य आठ! रत्नागिरी!" त्यानेच घरापर्यंत नेलं. आम्हाला आमच्या गाडीच्या नंबराने वाचवलं.

घर कुडाचं, मातीने लिंपलेलं. आत धान्य साठवायच्या मातीच्या उंच कणग्या, त्यांना ते 'डेहरी' म्हणतात. तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या 'ढिकरी' खायला मिळाल्या, आपल्या निवगऱ्यांच्या बहिणीच जणू. अंगणापलीकडे भात पिवळं पडत आलेलं. जमीन चार कट्ठे, म्हणजे आपले तेरा-साडेतेरा गुंठे. वर्षाचं पोट त्यावर भरत नाही, म्हणून कोकण. माझ्या मनातला 'गुरखा' त्या बांधावर उभा राहिला तेव्हा मला दिसला तो आपल्यासारखाच अल्पभूधारक शेतकरी.

तिसऱ्या दिवशी दसरा. त्यांचा तो दशैं. घटस्थापनेला पेरलेले जवाचे पिवळे कोंभ, 'जमरा', म्हाताऱ्याने आमच्या डोक्यावर ठेवले आणि कपाळी दही-तांदळाचा लाल टिळा लावला. आपणही घटात उगवलेलं धान टोपीत खोवतोच.

हा म्हातारा म्हणजे त्याचा बाप. थारू समाजातला, आयुष्याची उमेदीची वर्षे 'कमैया' म्हणून राबलेला. कमैया म्हणजे जमीनदाराकडे कर्जापोटी बांधला गेलेला गडी. त्या कर्जाला 'सौंकी' म्हणत. बापाची सौंकी मुलावर यायची आणि हिशेबाची वही मालकाच्या घरात असायची. नेपाळ सरकारने १७ जुलै २००० रोजी ही पद्धत बंद केली. म्हातारा हे सांगत होता आणि अण्णा गप्प होत गेले. अण्णा देणारे चांगले आहेत. कोणाचा पैसा बुडवलेला नाही. पण उचल किती, फेड किती, याची वही अण्णांच्याच कपाटात असते, हे त्यांना आठवलं असावं.

रात्री माझी पाळी आली. तो म्हणाला, "साहेब, पंचायतीत तुमचं फवारणीचं शिबिर असायचं, तेव्हा मी बाहेर गाडीपाशी असायचो. नंतर शेठ सांगायचे, दोन झाकणं टाक." एका मोसमात त्याला दोन दिवस उलट्या आणि डोकेदुखी झाली होती. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग कशासाठी, लाल म्हणजे सर्वात जहाल आणि हिरवा त्या मानाने सौम्य, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. शिबिराच्या अहवालात मात्र मी उपस्थिती चांगली लिहिली होती. ज्याच्या हातात पंप, तो बाहेर आणि मी आत शिकवतोय कोणाला? ही चूक माझी आहे.

म्हणून बागायतदार बंधूंना, सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना माझं सांगणं आहे. गुरखे उतरतील त्याच आठवड्यात एक बैठक घ्या. प्रत्येकाचं खरं नाव, गाव, घरचा फोन आणि नेपाळी नागरिकतेच्या कागदाची प्रत नोंदवहीत ठेवा. 'नेपाळी, इसम चार' ही नोंद नव्हे. फवारणीच्या शिबिरात पंप मारणाऱ्याला पहिल्या ओळीत बसवा, त्याला मास्क आणि हातमोजे द्या. हिशेबाच्या वह्या दोन करा, एक त्याच्याकडे. आशाताईंना मांगरावर पाठवा. सहा ते चौदा वयाचं मूल असेल तर जवळच्या शाळेत घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

काही मंडळी म्हणतील, "उचल घेऊन पळतात, चोऱ्या करतात, त्यांचं कसलं कौतुक?" पळणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण नाव-गावच ठाऊक नसेल तर तुम्ही शोधणार कोणाला? नोंद असली तर लबाडाला धाक राहतो आणि चोख माणसाला आधार मिळतो. शिवाय त्या गावात मी आणखी एक पाहिलं. कित्येक घरांतली तरुण पोरं आखातात नाहीतर मलेशियाला गेलेली. कोकणात येणारे बहुतेक चाळिशीकडे झुकलेले. उद्या त्यांनी पाठ फिरवली तर मोहोरावर पंप कोण मारणार, झेल्याने आंबा कोण उतरवणार, याचं उत्तर आपल्यातल्या कोणाकडे आहे का?

त्या माणसाचं नाव मी इथे छापत नाही, त्याला ते आवडायचं नाही. पण आता मला ते येतं, अण्णांनाही येतं. परत आल्यावर अण्णांनी फोनमधलं 'बहादूर बाग' पुसून तिथे त्याचं नाव घातलं. तुमच्या बागेत येणाऱ्याचं नाव तुम्हाला येतं का, एवढं आज रात्री जेवताना स्वतःला विचारून पाहा.