जिभेखालची गोळी

गेल्या मार्गशीर्षांत जिना चढून आलों तों छातींत कळ उठली. डॉक्टरांनीं दिलेली नायट्रोग्लिसरीनची गोळी मीं उभ्यानेंच जिभेखालीं धरली, आणि कळ उतरण्यापूर्वीं मीच जमिनीवर उतरलों! जन्मभर विद्यार्थ्यांस 'आधीं नीट बस' म्हणणारा मी स्वतः बसलों नव्हतों.

डायनामाइटमधील हेंच स्फोटक द्रव्य १८७९ सालीं लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनीं या कळेवर योजिलें. तें रक्तवाहिन्या सैल करतें. हृदयाचा भार हलका होतो, पण रक्तदाबहि खालीं येतो. म्हणून प्रथम बसावें. गोळी गिळूं नये. गिळलेली बहुतेक यकृतांतच वायां जाते. डोकें ठणकलें तर भिऊं नये. मात्र पांच मिनिटांत कळ न शमल्यास १०८ ला फोन करावा. 'वायु असेल' म्हणून ओंवा चघळीत बसूं नये. दुसरी गोळी डॉक्टरांनीं सांगून ठेविल्याप्रमाणेंच घ्यावी.

आमच्या कुटुंबानें या गोळ्या प्रेमानें चांदीच्या डबींत भरल्या होत्या. त्यांतील औषध उडून जातें; मूळची काचेची बाटलीच बरी. घरांत दुसऱ्या कोणाची छाती दुखली तरी त्यास आपली गोळी देऊं नये.

आतां संकोचाची गोष्ट. पुरुषत्वासाठीं सिल्डेनाफिल घेतलें असल्यास २४ तास, टॅडलाफिल घेतलें असल्यास ४८ तास ही गोळी वर्ज्य. रक्तदाब कोसळून प्राणावर बेततें. मुलांसुनांसमोर जीभ रेटत नसेल, तर डॉक्टरांस एकांतांत सांगावें, पण सांगावेंच.