पाहुण्याच्या टोपलीत काय घालावे?

यंदाच्या भाद्रपदात माझा एक जुना विद्यार्थी शाळेत मला भेटायला आला. ताडोब्याच्या जंगलाला लागून जी नवी विश्रामगृहे उभी राहिली आहेत, त्यांपैकी एका मोठ्या ठिकाणी तो व्यवस्थापक आहे. त्या ठिकाणाला आता नुसते रिसॉर्ट म्हणत नाहीत. 'वेलनेस रिट्रीट' म्हणतात. म्हणजे शहरात थकलेली माणसे आठवडाभर तेथे येऊन राहणार, पहाटे आसने करणार, मौन पाळणार, मोजके जेवणार आणि मधल्या वेळात वाघ पाहणार. पावसाळ्यात मिटलेली जंगलाची दारे १ ऑक्टोबरला उघडतात. त्याआधी पाहुण्यांच्या स्वागताची भेट ठरवायची होती. "सर, तुम्ही लेखक आहात. काय द्यावे ते तुम्ही सुचवा आणि सोबतच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहून द्या," असे तो म्हणाला.

मी मॅट्रिक झालेला, पोरांना मराठी आणि बांबूकाम शिकवणारा मास्तर आहे. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावात लेखक म्हणतात. अशा माणसाला भेटवस्तू निवडायला बोलवावे, याचे मला हसू आले. पण पोराने विश्वासाने विचारले होते. त्याने नमुन्याची टोपली टेबलावर ठेवली आणि माझे हसू तेथेच थांबले.

टोपलीत एक सुगंधी मेणबत्ती होती. एक साबणाची वडी होती. तिच्यावर 'अरण्य' असे नाव होते आणि वास गुलाबाचा होता. एका पेल्यावर वारली चित्रे काढलेली होती. एका पुठ्ठ्यावर रंगीत ठिपक्यांचे हरीण होते. त्याखाली 'आदिवासी गोंड कला' असे छापले होते. आणि या सर्वांच्या मधोमध कापसाने भरलेला, काचेच्या डोळ्यांचा, मऊ मऊ पिवळा वाघ बसला होता.

आता या टोपलीचा हिशेब पाहा. वारली चित्रे डहाणू-पालघरकडची. म्हणजे राज्याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाची. ठिपक्यांचे हरीण ज्या परंपरेतले आहे, ती मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंडांची. जनगढ सिंह श्याम या विलक्षण चित्रकाराने ती जगापुढे नेली. आमच्या गडचिरोलीचा माडिया किंवा चंद्रपूरचा गोंड ती चित्रे काढीत आलेला नाही. पण शहरातल्या पाहुण्याला आदिवासी म्हणजे आदिवासी! मग तो डहाणूचा असो, मंडल्याकडचा असो की भामरागडचा. एखाद्या कोकणी माणसाच्या घरी जाऊन त्याच्या हाती पंजाबी पगडी द्यावी आणि 'ही तुमचीच' असे म्हणावे, तसला हा प्रकार आहे. ज्या टोपलीत हे सारे भरले होते, ती टोपलीसुद्धा प्लास्टिकच्या पट्ट्यांची होती. बांबूच्या जंगलात उभे राहून!

मी हे बोलून दाखवले, तेव्हा विद्यार्थ्याने आपली बाजू मांडली. ती मी येथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो लबाड नाही. तो म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे जी, पण इथला माल एकसारखा येत नाही. एक टोपली लहान, एक मोठी. बांबू म्हटला की वनखात्याचा कागद लागेल अशी मालकाला भीती. मोहफूल म्हटले की दारू आठवते. पाहुण्याला काय सांगू?"

ही भीती हवेतली नाही. १९२७ च्या वनकायद्यात बांबू हे झाड धरलेले होते. गवताच्या कुळातला हा प्राणी कायद्यापुरता वृक्ष झाला होता आणि त्याची वाहतूक करणारा गावकरी चोर ठरत होता. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर आपला सामूहिक हक्क २००९ साली मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवानापुस्तक केंद्रीय मंत्र्यांच्या हातून ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली कायद्यातल्या 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू निघाला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तेव्हा 'बांबूला कागद लागेल' हे कारण आता जुने झाले.

मोहफुलाचेही तसेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. दारू मी पीत नाही आणि बंदीची थट्टाही करीत नाही; दारूने उठलेली घरे मी पाहिली आहेत. परंतु दारूच्या पापापायी फुलाला गुन्हेगार ठरवणे हा कोठला न्याय? द्राक्षांपासूनही दारू होते, म्हणून आजाऱ्याला कोणी द्राक्षे नेऊन द्यायचे थांबले नाही. चैत्रात पहाटे वेचलेले मोहफूल वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून त्याचे लाडू करतात. टंचाईच्या दिवसांत या फुलाने आमच्याकडची पोटे भरली आहेत. शरीराची काळजी घ्यायला आलेल्या माणसापुढे हे ठेवायला लाज वाटते आणि कारखान्यातला गुलाबवासाचा साबण ठेवायला वाटत नाही!

आणि एकसारखेपणा? मी मुलांना बांबूकाम शिकवतो. कामट्या काढताना प्रत्येक कांब वेगळी निघते, म्हणून प्रत्येक सूप थोडे वेगळे होते. एकसारख्या हजार टोपल्या हव्या असतील तर यंत्राकडे जावे; पण मग चिठ्ठीवर 'स्थानिक हातांनी, प्रेमाने' असे लिहू नये. बुरडाच्या टोपलीला किंमत करताना घासाघीस करायची आणि तीच टोपली पाहुण्याला 'आपुलकीची भेट' म्हणून द्यायची, यात आपुलकी कोणाची आणि भेट कोणाची?

येथवर आमचे जमत आले होते. पण विद्यार्थ्याच्या यादीत शेवटी आणखी एक ओळ होती: 'शाळेतील आठ मुली, पारंपरिक वेष, रेला नृत्य, आरती व गंधाक्षत, प्रत्येक शनिवारी.' ती ओळ साबण आणि मेणबत्तीच्या खालीच लिहिलेली होती. माझा खरा वाद या ओळीशी आहे आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

रेला ही आमच्याकडच्या गोंड-माडियांची आपल्या माणसांत, आपल्या सणाला, लग्नाला रात्र रात्र चालणारी गोष्ट आहे. हात हातात धरून फेर धरायचा असतो. त्यात पाहणारा आणि नाचणारा असे दोन वर्ग फारसे नसतात. ती शनिवारी दुपारी तीनला गाडी आली की सुरू करायची आणि सामान खोलीत पोचले की थांबवायची? आरतीचा तर त्यांच्या रिवाजाशी संबंध काय? ज्या मुली सातवी-आठवीत आहेत, त्यांनी शनिवारच्या दुपारी अनोळखी माणसांच्या कपाळी टिळे लावीत उभे राहावे, हे कोणत्या स्वास्थ्यसाधनेत बसते? त्या मुलींना कोणी विचारले होते? मी विद्यार्थ्याला म्हटले, "अरे, तू स्वतः याच शाळेत होतास. तुला कोणी असा उभा केला असता तर?" तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "मुलींना प्रत्येकी पैसे देणार होतो, सर." मी त्याला नाही म्हणून सांगितले. भेटीच्या टोपलीत वस्तू घालतात. माणसे घालीत नाहीत.

ज्या पाहुण्याला येथल्या माणसांची कला पाहायची आहे, त्याची सोय झाडीपट्टीने केव्हाच करून ठेवली आहे. दिवाळी उलटली की गावोगाव मंडया भरतात, वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात आणि रात्र रात्र नाटके होतात. पाहुण्याने तिकीट काढावे, कानटोपी घालावी आणि गावकऱ्यांच्या शेजारी बसून नाटक पाहावे. तेथे तो प्रेक्षक असतो आणि नट आपल्या रंगमंचावर मालक असतो. हे नाते मला मान्य आहे.

या निमित्ताने आपली स्वागताची रीत तरी काय आहे, याचा मी विचार केला. आमच्या घरी पाहुणा आला की आई आधी पाय धुवायला पाणी देई, मग प्यायला पाणी आणि गुळाचा खडा. 'बसा' म्हणे. तो उन्हातून आला असेल तर त्याला बोलूही देत नसे. भेट मात्र ती येताना कधीच देत नसे. भेट जाताना दिली जाई. पोहे, लाखोळीची डाळ, परसातला भोपळा, जे असेल ते. त्याला आपण वानवळा म्हणतो. दोन दिवस पाहुणा घरात राहिला की त्याला काय आवडले, त्याच्या घरी किती माणसे, दात आहेत की नाहीत, हे आईला कळलेले असे आणि वानवळा त्या बेताने बांधला जाई. दारात पाऊल टाकण्यापूर्वीच भेटीची टोपली तयार ठेवायची, ही दुकानदाराची रीत आहे. कारण त्याला माणसाशी कर्तव्य नसते, गिऱ्हाइकाशी असते. विचारपूर्वक दिलेली भेट हवी असेल तर विचार करायला आधी माणूस दिसला पाहिजे!

हे मी केवळ घरगुती अनुभवावर बोलत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. शोधग्रामचा दवाखाना उभारण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले, की दवाखाना कसा हवा. म्हणून तेथे टोलेजंग इमारत झाली नाही. गावासारख्या झोपड्या झाल्या, नातेवाइकांना राहायची सोय झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. आजाऱ्याचे याहून चांगले स्वागत मला ठाऊक नाही. दुसरीकडे मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ पासून तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली. भर मे महिन्यात तरुण येतात आणि सकाळी त्यांच्या हाती कुदळ-पावडे येते. तेथून परतलेली माणसे आयुष्यभर सोमनाथची आठवण सांगतात. मेणबत्तीची आठवण सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा टीका पुरे. विद्यार्थ्याने विचारले होते म्हणून मी यादीही दिली. दारात मातीच्या माठातले पाणी आणि गूळ. खोलीत काही नाही. जाताना बांबूच्या लहान सुपात मोहाचे दोन लाडू, मूठभर चारोळी आणि शेरभर तांदूळ. तांदूळ एच.एम.टी.च. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली धानाच्या पिकात वेगळ्या रंगाच्या तीन लोंब्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्या जपून, वर्षानुवर्षे निवडून त्यांनी हे वाण घडवले आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला मिळाले. देशातल्या कितीतरी ताटांत तो भात गेला. दादाजी मात्र गरिबीतच राहिले आणि जून २०१८ मध्ये, त्याच शोधग्रामच्या दवाखान्यात, वारले. ताडोब्याला येणारा पाहुणा बहुधा हा तांदूळ घरी खातच असेल. तो कोणाच्या हातचा, एवढे त्याला सांगितले तरी पुष्कळ झाले.

आता राहिला कापसाचा वाघ. त्याबद्दल विद्यार्थ्याशी माझी खरी खडाजंगी झाली. "सर, लोक वाघासाठीच येतात," तो म्हणाला. येऊ द्यात. वाघ आमच्याही आधीचा येथला रहिवासी आहे. १९५५ सालापासून ताडोबा राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यावर अनेकांची चूल पेटते, माझ्या या विद्यार्थ्याचीही. पण २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. अशा बातम्या आमच्याकडे दरवर्षी येतात. ज्या मोहफुलाचे लाडू मी सुचवले, तेही पहाटेच्या अंधारात याच जंगलात वाकून वेचावे लागते. आणि वाकलेले माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असे जाणते लोक सांगतात. ज्या गावात हे घडते, त्या गावातल्या नोकराच्या हातून पाहुण्याच्या मुलाला मऊ वाघ द्यायचा, ही कल्पना सुचणाऱ्याला दुष्ट म्हणता येणार नाही. त्याने गाव पाहिलेले नाही, एवढेच.

मी चिठ्ठी लिहून दिली ती अशी: 'हा तांदूळ आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने शोधला. हे सूप शेजारच्या गावात विणले. विणणाऱ्याने मागितलेली किंमत त्याला दिली आहे. हे मोहफूल ज्या बायकांनी वेचले, त्या वाघाच्या वाटेवरून जाऊन घरी परतल्या. तुम्हीही सुखरूप घरी पोचा.'

आठ दिवसांनी विद्यार्थ्याचा निरोप आला. सुपे घेतली, भाव न पाडता. तांदूळ घेतला. लाडू पुढच्या वर्षी पाहू. मुलींची ओळ खोडली. कापसाचे वाघ आधीच मागवले होते, ते संपेपर्यंत राहतील. आणि चिठ्ठीतले चौथे वाक्य मालकांनी काढायला सांगितले आहे. पाहुण्यांचे मन अस्वस्थ होईल म्हणून.

ते वाक्य म्हणून मी येथे छापून घेतले आहे. वाचकांपैकी जे कोणी या हिवाळ्यात ताडोब्याकडे येतील, त्यांच्या हाती ते सूप पडेल तेव्हा चिठ्ठीत चारच वाक्ये असतील. गाळलेले त्यांनी विचारून घ्यावे. मालकाला नको, सूप उचलून गाडीपर्यंत आणून देणाऱ्या बाईला विचारावे.