यादीत नसलेली माणसं

चित्रकार जैनुल आबेदिन यांनी १९४३ साली, बंगालच्या दुष्काळात, कलकत्त्याच्या रस्त्यांवर काढलेल्या चित्रांत रंग नाही. मागे घर नाही, झाड नाही, आभाळ नाही. बांधणीच्या स्वस्त कागदावर फक्त काळी चिनी शाई. कुंचलाही पुरता ओला नाही. तो खरखरत गेला की मधून मधून कागद उघडा राहतो, आणि त्या उघड्या रेघा बरगड्यांसारख्या दिसू लागतात. कचराकुंडीत काही शोधणारी माणसं आणि त्यांच्याशेजारी टपलेले कावळे या मालिकेत पुन्हा पुन्हा येतात. कित्येकदा माणसापेक्षा कावळाच धट्टाकट्टा दिसतो.

जैनुल तेव्हा २८ वर्षांचे होते आणि कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकवत होते. पाचच वर्षांपूर्वी, १९३८ साली, ब्रह्मपुत्रेच्या जलरंगचित्रांसाठी त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं. नदीचं पाणी आणि ओलसर उजेड रंगवण्यात हात बसलेल्या या चित्रकाराने रंगपेटी बाजूला ठेवली. समोर जे होतं त्याला रंग शोभलाच नसता, असं मला ती चित्रं पाहताना वाटत राहतं.

युरोपात एके काळी काळ्या कागदाच्या छायाकृती कापून घ्यायची हौस होती. नाकाची ठेवण, हनुवटी, केसांचा अंबाडा, एवढ्या कडेवरून घरच्यांना आपलं माणूस ओळखू यायचं. जैनुल यांच्या काळ्या आकृतींत हे उलटं झालं आहे. उपासमारीने सगळ्यांची कड सारखीच करून टाकली आहे. गुडघे, खांदे, पुढे आलेली मान. शेतकरी कोण, नावाडी कोण, कोणाची आई कोण, काही कळत नाही.

हा दुष्काळ पावसाने दगा दिल्यामुळे पडला, असं म्हणून भागत नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या हजारो होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या. ऑक्टोबरात मेदिनीपुरावर चक्रीवादळ आलं. डिसेंबरात १३-१४ रुपये मण असलेला तांदूळ पुढच्या ऑगस्टपर्यंत ३५ रुपयांच्या वर गेला. भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांना तो परवडेना. कलकत्त्याला चालत आलेली ही माणसं दारोदार भातसुद्धा मागत नव्हती, भात वेळल्यावर उरणारं पाणी मागत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला.

आणि याच वर्षी, २ मे १९४३ रोजी, मुंबईत रेशनिंग सुरू झालं. कलकत्त्यात ते यायला ३१ जानेवारी १९४४ उजाडला. मधल्या महिन्यांत तिथल्या कारखान्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या कामगारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होतं, कारण युद्धाचं उत्पादन थांबून चालणार नव्हतं. खेड्यातून आलेल्याला मालक नव्हता आणि कार्डही नव्हतं. ऑक्टोबरात अशा निराधारांना शहरातून हलवण्याचा अध्यादेश निघाला.

आपल्याकडे रेशन म्हटलं की तक्रारच आठवते. कंट्रोलच्या दुकानाची रांग, तांदळातले खडे, पुढच्या काळातली ती लाल मिलो ज्वारी. तक्रारी खऱ्याच होत्या. पण त्या रांगेत उभं राहणाऱ्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं होतं, घरात किती तोंडं आहेत याची सरकारदरबारी नोंद होती, आणि त्या नोंदीला धान्य द्यायची जबाबदारी कोणीतरी पत्करली होती. बंगालमध्ये जी माणसं मेली ती कोणत्याही यादीत नव्हती. जैनुल यांच्या चित्रांतल्या त्या अनोळखी कडेचा अर्थ मी असा लावतो, आणि म्हणून ती चित्रं मला युद्धकाळातल्या रेशनिंगवरचं सर्वांत कठोर भाष्य वाटतात, त्यांत कुठेही रेशनकार्ड नसलं तरी.

चित्तप्रसाद या दुसऱ्या बंगाली चित्रकाराने वेगळा मार्ग घेतला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तो मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला. त्याचीही चित्रं काळ्या शाईचीच, पण तो भेटलेल्या माणसांची नावं विचारत गेला. गाव कोणतं, घरातलं कोण गेलं, जमीन कधी विकली, हे सगळं त्याने चित्रांसोबत लिहून काढलं. सरकारने जी यादी केली नव्हती ती एक चित्रकार करत होता. त्यातून झालेली ‘हंग्री बंगाल’ ही छोटी पुस्तिका मुंबईत निघाली. ब्रिटिश सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाकडे जपून राहिलेल्या एका प्रतीवरून २०११ साली तिची प्रतिकृती पुन्हा छापली गेली. चित्तप्रसाद स्वतः पुढे मुंबईत, अंधेरीला बरीच वर्षं राहिला, लिनोकट करत आणि मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ रचत.

एवढा धागा या शहराशी आहे, तर मुंबईतल्या एखाद्या कलादालनाने या दोघांची चित्रं एकत्र मांडावीत, असं मला फार मनापासून वाटतं. जैनुल यांच्या आकृती एका भिंतीवर, चित्तप्रसादची नावानिशी चित्रं समोरच्या भिंतीवर, आणि मधल्या टेबलावर मुंबईतली त्या काळातली रेशनकार्डं. जुन्या चाळींतल्या पत्र्याच्या ट्रंकांत ती अजून सापडतील.