हेतू देणाऱ्यांचा, विवेक घेणाऱ्यांचा

(द्वितीय वर्ष, कला)

'मिशनरी' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिल्या प्रकारच्या माणसांना मिशनरी म्हणजे साक्षात देवदूत वाटतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना तो गोरगरिबांना भुलवून बाटवायला आलेला साहेब वाटतो. या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. ज्याच्यासाठी मिशनरी आला, त्या माणसाला स्वतःचे डोके असते हे दोघांच्याही गावी नसते! एकाच्या मते तो उद्धरला गेला, दुसऱ्याच्या मते तो फसवला गेला. त्याने स्वतः काय घेतले, काय नाकारले, हे कोणी विचारत नाही. या लेखात मला तेवढेच विचारायचे आहे. त्यासाठी मी उदाहरण घेते मिस सिंथिया फॅरार यांचे. सावित्रीबाईंच्या चरित्रात हे नाव एखाद्या ओळीत येते आणि पुढच्या ओळीत आपण ते विसरून जातो.

फॅरारबाईंचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातला. त्या शिक्षिका होत्या. जून १८२७ मध्ये त्या बोस्टनहून शिडाच्या जहाजाने निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईस पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते. बायकांनी परदेशी जायचे ते मिशनरी नवऱ्याबरोबर, अशी तेव्हा अमेरिकेतही रीत होती. अविवाहित बाईला शिक्षिका म्हणून समुद्रापार पाठवणे ही नवलाची गोष्ट होती. अशा अगदी पहिल्या बायकांत फॅरारबाई मोडतात. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा उघडली होती. त्या कामाची देखरेख फॅरारबाईंकडे आली. त्या मराठी शिकल्या. दहा वर्षांनी, १८३७ साली, प्रकृती ढासळली म्हणून मायदेशी गेल्या. घरी राहायला एवढे कारण कोणालाही पुरले असते. पण १८३९ साली त्या परत आल्या, या खेपेस अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. जानेवारी १८६२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून चौतीस वर्षे! आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांचे वयही एवढे नसेल तेव्हा आपण शाळेत गेलो होतो.

एवढी वर्षे त्यांनी कशाच्या आधारावर काढली असतील? पगार मोठा नव्हता. हवा मानवत नव्हती. सहकारी एकेक करून जात होते. मुंबईस आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल १८२६ सालीच नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले होते. मुलींना शाळेत धाडा म्हणून घरोघर सांगावे तर लोक तोंडावर दार लावीत. शिकलेली मुलगी विधवा होते, ही समजूत तेव्हा घराघरांत होती. अशा ठिकाणी एक परकी बाई रोज सकाळी मुलींना अक्षर शिकवते, आणि हे चौतीस वर्षे करते, तर तिची निष्ठा खरी होती हे मान्य करण्यात आपला धर्म बुडत नाही.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, 'ताई, निष्ठा खरी, पण हेतूचे काय?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि मला तर मुळीच टाळता येत नाही, कारण मी बोरिवलीची. आमच्याकडे मंडपेश्वराची लेणी आहेत. शैव लेणी ती, नटराजाचे शिल्प आत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्या लेण्याचे चर्च केले; वरच्या अंगाला त्यांच्या इमारतीचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. ज्याच्या मागे राजाची तलवार उभी असते त्याच्या उपदेशाला सेवा म्हणता येत नाही. हे मी स्पष्ट म्हणते.

परंतु सगळ्या मिशनऱ्यांना एकाच दावणीला बांधणे हेही खरे नव्हे. हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारच त्यांना हुसकून लावायला निघाले होते. मिशनऱ्यांनी धर्माला हात घातला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही कंपनीला धास्ती. पुढे कायदा बदलला आणि इंग्रजी राज्याची सावली त्यांना मिळाली, हेही नाकारता येत नाही. पण फॅरारबाईंच्या शाळेत मुलगी आणून बसवायला शिपाई येत नव्हता. मुलगी येत होती ती आईबापांनी धाडली तरच.

त्यांचा हेतू गुप्तही नव्हता. शाळेत वाचन, लेखन, शिवण आणि बायबल, सगळे एकाच छपराखाली होते. मुली ख्रिस्ती व्हाव्यात असे बाईंना मनापासून वाटत होते. न वाटते तर त्या बोस्टनहून निघाल्याच नसत्या. शाळा हे साधन आणि ख्रिस्त हे साध्य, असा हिशेब होता. या हिशेबावरून मिशनमध्येसुद्धा वाद झाले. १८५४-५५ साली अमेरिकेहून बोर्डाचे शिष्टमंडळ आले, त्याचा कल शाळांवरचा भर कमी करून उपदेशावर तो वाढवावा, असा होता. म्हणजे शाळा चालवून माणसे ख्रिस्ती होतातच असे नाही, हे खुद्द मिशनच्याच ध्यानात आले होते! इथेच माझ्या मुद्द्याला सुरुवात होते.

जोतीराव फुले अहमदनगरला गेले आणि त्यांनी फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेथे नोकरीस होते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. बायबल त्यांना नवे नव्हते. त्यांनी शाळा पाहिली, पुण्यास परत आले आणि १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे शिक्षण नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. आता नीट पाहा. फॅरारबाईंजवळ दोन गोष्टी होत्या, फळा आणि क्रूस. फुले दांपत्याने फळा उचलला, क्रूसाला आदराने नमस्कार केला आणि तो जागच्या जागी ठेवला. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. बाईंच्या डोळ्यांपुढे असे काही खास नसणार. त्यांनी पेरले एक आणि पुण्यात उगवले दुसरेच. पण उगवले ते त्यांच्याही हातच्या बियांतून.

मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले. धर्मप्रसार हाच त्याचा उद्देश. पण १८५५ साली त्याच पत्रात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज मराठी साहित्याच्या इतिहासात मानाने घेतला जातो. आपल्या वार्षिकात लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीने हे ध्यानात ठेवावे, की तिच्या आधी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे एक शाळकरी मुलगी छापून आली आहे. ज्या छापखान्याने ती छापली तो मिशनचा होता; लिहिलेला शब्द मात्र तिचा होता.

ज्यांनी मिशनऱ्याचा धर्मही घेतला त्यांचे काय? त्यांनाही कोणी हात धरून ओढत नेले नव्हते. बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे हाल मांडले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्याइतका मराठी कवी दुसरा दाखवा! टिळकांना कोणी पावाच्या तुकड्यावर विकत घेतले असे म्हणणाऱ्याने आधी त्यांचे काही वाचलेले असावे.

उलट ज्यांनी अट नाकारली त्यांचेही उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी कोल्हापूरच्या मिशनरी वाइल्डर साहेबांना लिहिले. साहेबांनी पत्र आपल्या मासिकात छापले, पण सुचवले असे की ख्रिस्ती झालात तर पाहू. गोपाळराव झाले नाहीत. तेच छापील पत्र अमेरिकेत मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी अट न घालता मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई १८८३ साली गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. एकाच धर्माची दोन माणसे, एकाने अट घातली, दुसरीने घातली नाही. आणि निर्णय कोणाचा? आनंदीबाईंच्या घरचा.

हे मी पुस्तकातले सांगते, पण मला ते घरीही दिसते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई अंगठ्यावरून सहीवर आली ती माझ्या शाळेचे फॉर्म भरता भरता. मी प्राथमिक शाळेत असताना माझे दप्तर गणेशोत्सव मंडळाने दिलेले, वह्या चर्चच्या सिस्टरांनी दिलेल्या, कंपासपेटी एका पक्षाच्या कार्यकर्त्याने दिलेली आणि गणवेश महापालिकेचा. एका दप्तरात इतकी मंडळी सुखाने नांदत होती! आईने प्रत्येकाला हात जोडले. मत तिने तिला द्यायचे त्यालाच दिले, आणि देव्हाऱ्यात देव आहेत ते आजीच्या वेळचेच. एकदा शेजारच्या काकांनी विचारले, "सिस्टरांच्या वह्या घेतेस, उद्या तुला चर्चमध्ये नेतील, मग?" आई म्हणाली, "भाऊ, वहीत लिहायचं काय ते माझी पोरगी ठरवणार ना?" मला वाटते, नगरच्या शाळेत मुलगी धाडणाऱ्या कितीतरी आया मनात हेच म्हणत असतील.

म्हणून 'गरिबांना फूस लावली' हे वाक्य ऐकले की मला राग येतो. त्यात मिशनऱ्याची निंदा थोडी आणि आमची निंदा जास्त आहे. आम्ही भोळे, आम्हाला कोणीही वहीवर विकत घ्यावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. आणि 'मिशनऱ्यांनी आम्हाला माणूस केले' हे वाक्यही मला मान्य नाही. माणूस आम्ही होतोच, अक्षर नव्हते. अक्षर ज्याने दिले त्याचे आभार मानावेत, पण आपण गहाण पडल्यासारखे मानू नयेत.

फॅरारबाईंकडून आपण घ्यायचे ते दुसरेच काही. आपल्या एन.एस.एस.चे निवासी शिबिर सात दिवसांचे असते. आपण जातो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, फोटो काढतो आणि आठव्या दिवशी बोरिवली स्टेशनवर वडापाव खाऊन घरी येतो. शिबिरे वाईट नाहीत. मीही त्यात होते. पण आपल्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत वारली पाडे आहेत. त्या पाड्यांवरच्या मुलांची बोली आपल्यापैकी कितीजणांना येते? अमेरिकेहून आलेली बाई मराठी शिकली. आपल्याला बसने जाता येते तेथली बोली आपण शिकलेलो नाही. आपला हेतू अगदी शुद्ध आहे, आपल्याला कोणाचा धर्म बदलायचा नाही. पण शुद्ध हेतू सात दिवस टिकला आणि ज्याच्यावर आपण संशय घेतो तो हेतू चौतीस वर्षे टिकला, हे मला बोचते.

माझी सूचना साधी आहे. येत्या वर्षी आपल्यापैकी पाच-दहा जणांनी एकच पाडा किंवा एकच वस्ती धरावी, आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, आणि निदान पदवी हाती येईपर्यंत ती सोडू नये. प्राध्यापकांनी त्याची नोंद ठेवावी, गुण मात्र देऊ नयेत; गुण आले की आपण ते मिळताच थांबतो. तेथली मुले आपल्याकडून काय घेतील आणि काय नाकारतील, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. फॅरारबाईंच्या वाट्यालाही हेच आले होते, आणि त्या तरीही शिकवीत राहिल्या.